थोरलीची पाटी

सवय व्हावी म्हणून दवाखान्यानं दिलेली ती नमुन्याची पिशवी मनुबाईनं पाणी तापवायच्या चुलीत घातली, आणि बघता बघता प्लास्टिक जळल्याचा काळा, घशात बसणारा वास न्हाणीपासून सोप्यापर्यंत सगळ्या घरात पसरला. सून तेजस्वी नाकाला पदर लावून धावत आली, तिनं चुलीत बघितलं आणि ती जिथल्या तिथं उभी राहिली.

"आत्ती, हे काय केलासा?"

"पाणी तापंना झालतं. घातलं," मनुबाई म्हणाली आणि फुंकणी भिंतीला टेकवून ठेवली.

"अहो, सिस्टरनं सांगितलंतं की, त्यात दोन घोट पाणी भरून दिवसभर पोटाला लावून हिंडायचं. म्हणजे आपरेशन झाल्यावर जीव घाबरा हुईत न्हाय म्हणून. उद्या भरती व्हायचं, परवा आपरेशन..."

"कुणाचं?"

तेजस्वीला कळेना, हसावं की रडावं.

"मी न्हाय जाणार. सांग जा तुझ्या नवऱ्याला. मेलं तर असंच अख्खं मरीन. पोटाला घाणीची पिशवी बांधून दारात बसायला मी काय..." आणि इथं मनुबाईची जीभ अडखळली. निपाणीच्या त्या गल्लीत जिच्या तोंडाला भल्याभल्यांनी लागू नये, बिडीच्या कारखान्यात खराब पानं दिली म्हणून जिनं मुकादमाच्या अंगावर पानांचा गठ्ठा फेकला होता, त्या बाईला वाक्य पुरं करता आलं नाही. तिनं तोंड फिरवलं. डोळ्यांत पाणी आलं ते धुरानं आलं असं सुनेला वाटावं म्हणून ती उगाच चुलीपुढं वाकली.

सहा महिने तिनं संडासवाटे जाणारं रक्त दडवलं होतं. मूळव्याध असेल, उष्णता असेल, म्हणून ताक पीत राहिली, परड्यातल्या पाण्यानं लुगडी आपली आपण धूत राहिली. शेवटी एका सकाळी उंबऱ्यातच घेरी येऊन पडली तेव्हा मुलगा जोतिबा तिला गाडीत घालून बेळगावला घेऊन गेला. आतड्याच्या शेवटाला गाठ होती. डॉक्टर समजावून सांगणारा होता. गाठ काढायची, वरचं आतडं पोटावर बाहेर काढायचं, तिथं पिशवी लावायची. चार-सहा महिन्यांनी आत परत जोडता आलं तर जोडायचं, नाही आलं तर पिशवीवरसुद्धा माणसं पंधरा-वीस वर्षं शेतं करतात, लग्नं करतात, असं तो म्हणाला. गाठ आहे म्हटल्यावर मनुबाईच्या पापणीचा केसही हलला नाही. 'पिशवी' म्हटल्यावर मात्र ती उठून दाराकडं चालू लागली, आणि जोतिबाला वाटलं, आई मरणाला भ्याली.

मरणाला ती भ्याली नव्हती. तिला आठवली होती ती अंबुबाई, तिची थोरली जाऊ.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांच्या मूळ गावात दर तीन वर्षांनी लक्ष्मीची यात्रा भरते, आणि घराण्याची रीत अशी की नैवेद्याची पाटी थोरल्या सुनेच्या डोक्यावर असायची, धाकटीनं तिच्या मागून पाण्याचा तांब्या घेऊन चालायचं. अठ्ठावीस वर्षं मनुबाई तांब्या घेऊन मागं चालली होती. त्या वर्षी, यात्रेच्या अडीच महिने आधी, अंबुबाईच्या आतड्याला पीळ पडला आणि घाईघाईत तिचं पोट कापावं लागलं. जीव वाचला. पोटाला पिशवी आली, ती कायमची. तरी यात्रेच्या दिवशी ती इरकल नेसून, हिरवा चुडा भरून, पुरणाच्या पोळ्यांवर नवा खण झाकून पाटी डोक्यावर घेऊन उभी राहिली. माजघरात दोघीच होत्या. बाहेर हलगी वाजत होती, बायका दाटीनं उभ्या होत्या... आणि मनुबाईनं तिच्या डोक्यावरची पाटी काढून घेतली.

"आक्का, वास येतोय तुझा," ती म्हणाली होती. "ती घाण पोटाला बांधून देवीम्होरं जाऊ नगंस. बाटंल."

 अंबुबाईनं पदर नीट केला, बाहेर गेली आणि जमलेल्या बायकांना हसून म्हणाली, "माझा गुडघा धरलाय गं बायांनो. औंदा पाटी धाकटीच घेईल."

झालं. गुडघ्याची गोष्ट सगळ्या गावानं मानली. थोरल्या दिरांनी मानली, मनुबाईच्या नवऱ्यानं मानली. यात्रा संपली त्याच आठवड्यात अंबुबाई नवऱ्याला घेऊन चिकोडीला लेकीकडं, माधवीकडं, राहायला गेली. निपाणीच्या घराचे जिने चढवत नाहीत म्हणून सांगितलं. जोतिबा जन्मल्यावर मनुबाई तापानं फणफणली होती तेव्हा दीड महिना त्याला आपल्या मांडीवर निजवणारी ती बाई, त्याच्या लग्नाला आली ती मांडवाच्या कडेला बसून अक्षता टाकून गेली. मनुबाईचा नवरा वारला तेव्हा आली, बाहेरच्या कट्ट्यावर बसली, पाणीसुद्धा न पिता गेली. आणि मनुबाईनं नंतरच्या यात्रांनाही पाटी घेतली. पाटी डोक्यावर असताना तिची मान ताठ असायची, आणि पाटीखाली एक शब्द सारखा टोचत असायचा.

चूल विझत आली. तेजस्वी अजून तिथंच उभी होती.

"मोठ्या आत्तींना पण पिशवी हाय की ओ," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांच्याशी बोलूया का फोनवर? त्या गुडघ्यामुळं येत न्हाईत, पर फोनवर बोलतील."

गुडघ्यामुळं! या पोरीला घरात येऊन सहा वर्षं झाली, आणि तिलाही तोच गुडघा सांगितला गेला होता. म्हणजे अंबुबाईनं कुणालाच सांगितलं नव्हतं. माधवीलाही नाही. नाहीतर ती गोष्ट कधीच फिरून निपाणीत आली असती. नऊ वर्षं ती बाई धडधाकट गुडघ्याला कपडा बांधून लंगडत राहिली होती... कुणाच्या इभ्रतीसाठी?

मनुबाईला एकाएकी फार थकवा आला. हा थकवा रक्त गेल्याचा नव्हता, वयाचाही नव्हता. तो एकच गोष्ट फार दिवस उचलून धरल्याचा होता. ती भिंतीला धरून उठली.

"जोतिबाला म्हणावं गाडी काढ."

"बेळगावला?"

"आधी चिकोडीला."

*

माधवीच्या घराच्या पडवीत अंबुबाई शेंगा फोडत बसली होती. बहात्तर वर्षांची, वाळकी, केस पांढरे शुभ्र. गाडीतून उतरणाऱ्या मनुबाईकडं तिनं बघितलं. तिची उतरलेली मान, सैल झालेल्या बांगड्या, ब्लाऊजच्या लोंबत्या बाह्या बघितल्या, आणि शेंगा बाजूला सारल्या.

"पोरांनो, तुम्ही आत जावा. माधवी चहा करील," ती जोतिबाला आणि तेजस्वीला म्हणाली. मग मनुबाईला, "बस. खाली बसता येतंय का?"

"न बसायला काय झालंय मला?"

"लई काय काय झालंय असं ऐकलंय."

मनुबाई बसली. बसताना कण्हली, आणि कण्हल्याचा तिलाच राग आला. दोघी समोरासमोर बसल्या होत्या. एके काळी अशाच त्या मांडीवर बिड्यांची सुपं घेऊन बसायच्या. पत्र्याचा साचा पानावर ठेवून कातरीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. हात चालायचे आणि तोंडं त्याहून जास्त. आता दोघींच्या मांड्या रिकाम्या होत्या.

"परवा कापत्यात मला," मनुबाई म्हणाली. "पिशवी लावत्यात."

"कळलं मला. जोतिबानं फोन केलता."

"मी न्हाय म्हटलंय."

"बरं."

"बरं काय? तुला काय वाटतच न्हाय?"

"नऊ वर्षांनी दारात आलीस आणि भांडण काढाय लागलीस, म्हणजे जीव हाय अजून तुझ्यात," अंबुबाई म्हणाली. "मला वाटलं संपलीस."

मनुबाईनं शेंगांच्या टरफलांकडं बघितलं. गाडीत बसून सगळी वाट तिनं मनात जुळवलेल्या शब्दांतला आता एकही हाताशी नव्हता. जिच्या जिभेवर शिव्या नाचायच्या तिला क्षमेचा एक शब्द सापडेना. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"आक्का, त्या दिवशी..."

अंबुबाई थांबली. तिनं मदत केली नाही. नऊ वर्षं सांभाळलेली जखम होती ती, तिच्यावरची पट्टी धाकटीनंच सोडावी असं तिला वाटत असावं.

"त्या दिवशी पाटी मी काढून घेतली. तुझ्या डोक्यावरनं. आणि तू बाहेर जाऊन गुडघा म्हणालीस, आणि मी तसंच ऱ्हाऊ दिलं. तीनदा पाटी घेतली मी, आक्का. तीनदा देवीम्होरं उभी ऱ्हायली. आता देवीनं माझ्याच पोटावर..."

"देवीला मधी घालू नगंस," अंबुबाईचा आवाज एकदम कडक झाला. "त्या दिवशी पण तू तेच केलतंस. रोग हाय ह्यो. मला झाला, तुला झाला. देवीला दुसरी कामं न्हाईत व्हय?"

मनुबाईनं मान खाली घातली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

"आणि ऐक," अंबुबाई म्हणाली, आता आवाज उतरला होता. "वास येतच होता. खोटं न्हवतं बोललीस तू. माझं पोट घाईत कापलेलं, साडी कुठं नेसतेस म्हणून कोण इचारणार? भोक पडलं ते नेमकं निऱ्यांच्या गाठीखाली. गाठ आवळली की पिशवीची कड सुटती, गळती. त्या दिवशी इरकल घट्ट नेसलीती मी, पाटी डोक्यावर घ्यायची म्हणून. गळत होती. मला कळतंतं... पर बाहेर हलगी वाजत होती, आणि मला लाज वाटत होती सांगायला." ती थांबली. "मनू, तू म्हणायचं व्हतंस, 'आक्का, चल, बदलूया.' एवढंच. पाटी पाच मिनिटं थांबली असती. देवी पण थांबली असती."

आतून कपबशांचा आवाज आला. मनुबाई हुंदका दाबायला गेली आणि तो दाबला गेला नाही. थोरली पुढं सरकली नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. एवढं लगेच होत नसतं. पण तिनं तांब्या उचलला, फुलपात्रात पाणी ओतलं आणि धाकटीपुढं सरकवलं.

"पी. आणि न्हाय म्हटलेलं परत घे. एकटी जाऊ नगंस, मी येते."

"तुझा गुडघा?"

"गुडघा माझा ठणठणीत हाय," अंबुबाई म्हणाली. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी बेळगावच्या दवाखान्यात सिस्टर पारमिता काळा पेन घेऊन आली. ती निपाणीचीच होती, साखरवाडीच्या अलीकडच्या वस्तीतली. तिची आजी मनुबाईच्याच कारखान्यात पानं कापायची, हे दोन वाक्यांत निघालं, तेव्हा मनुबाई जरा सैल झाली. भोक कुठं पाडायचं त्याची खूण आजच करून ठेवायची असते, असं सिस्टर म्हणाली.

"आज्जी, झोपा."

"झोपवून नगं," अंबुबाई मधेच म्हणाली. "बसवून कर. मनू, चुलीपुढं बसतीस तशी बस. आता वाक, पाणी ओढतीस तशी. साडी कुठं आवळतीस, दाव तिला."

पारमितानं त्या वाळक्या म्हातारीकडं बघितलं आणि हसली. "मीही तेच करणार होते मावशी. आधी झोपवून, मग बसवून, मग वाकवून. तुम्हाला कुणी शिकवलं?"

"माझ्या पोटानं."

खूण निऱ्यांच्या गाठीपासून चांगली चार बोटं दूर पडली. मनुबाईनं ती खाली मान घालून बघितली, आणि इतके दिवस छातीवर बसलेला धोंडा तिथंच राहिला, पण त्याचं वजन तिला आता माहीत झालं. मग पारमितानं श्वासाचं यंत्र दिलं. नळीत तीन गोळ्या, तोंडानं हवा ओढली की वर चढायच्या; ऑपरेशननंतर छातीत कफ साचू नये म्हणून आजपासूनच तासातासाला करायचं. चाळीस वर्षांची तंबाखूची धूळ छातीत असलेल्या मनुबाईनं ओढलं, आणि एकच गोळी चढली.

"पोराचं खेळणं दिलंय," ती धापा टाकत म्हणाली.

"आण हिकडं," अंबुबाईनं ओढलं. तिच्या दोन चढल्या.

संध्याकाळपर्यंत मनुबाईच्याही दोन चढल्या. पोट साफ करायचं ते खारट, बुळबुळीत औषध तिनं नाक न मुरडता प्यायलं, म्हणजे प्यायल्यावर मुरडलं. पोट रिकामं होत गेलं आणि भीती मात्र भरत गेली; प्रत्येक वेळी संडासात जाताना थोरली दाराशी उभी राहायची, आत यायची नाही, फक्त बाहेरून म्हणायची, "हाय मी." सकाळी गाडीवर घालून नेताना मनुबाईनं तिचा हात धरला तो सोडवायला पारमिताला दोन बोटं उलगडावी लागली. "आक्का, आत काय झालं तर..." तिचं तेवढंच बोलणं झालं. दार लागलं.

अंबुबाई बाकावर बसली. सहा तास ती उठली नाही. तेजस्वीनं आणलेला चहा तिच्या हातात थंड झाला.

*

सातव्या दिवशी निपाणीहून शेजारची जयाबाई शहाळी घेऊन बघायला आली. दुपारची वेळ होती. मनुबाई उशीला टेकून बसली होती, चेहरा कागदासारखा, आवाज खोल गेलेला. जोतिबा आणि तेजस्वी उभे होते. जयाबाईनं इकडचं तिकडचं बोलून घेतलं आणि मग तिची नजर अंबुबाईकडं गेली, जी पलंगाच्या पायथ्याशी भराभर चादर नीट करत होती.

"अंबुबाई, गुडघा बरा दिसतोय की ओ तुमचा. चांगल्या हिंडाय लागलाय."

"व्हय, उतार हाय बघा," अंबुबाई म्हणाली. सवयीनं तिनं एक पाय आखडून घेतला.

मनुबाईनं तो आखडलेला पाय बघितला.

"जयाबाई," ती म्हणाली, "त्या गुडघ्याला कधीच काय झालं न्हवतं."

"मनू, गप."

"न्हाय गप. लई गप बसली मी." तिला मधे श्वास घ्यावा लागला. "यात्रेत पाटी मी हिच्या डोक्यावरनं काढून घेतली. पिशवी हाय म्हणून. बाटंल म्हटलं मी. आणि हिनं माझी अब्रू झाकायला गुडघा सांगितला, आणि घर सोडलं. गावात सांगा, जयाबाई. तुम्ही सांगितलं म्हंजे मला हिंडून सांगायला नगं."

जयाबाई हातातल्या शहाळ्याकडं बघत राहिली. जोतिबानं आईकडं बघितलं, मग मोठ्या आईकडं.  तेजस्वीनं हळूच पदर तोंडाला लावला. तेवढ्यात मनुबाईला आपल्या कुशीशी काहीतरी कोमट, ओलं जाणवलं. तिचा चेहरा पडला. भरल्या खोलीत, पाहुण्यांसमोर... तिनं चादर छातीपर्यंत ओढली.

"आक्का," ती अगदी हळू म्हणाली, "वास येतोय का गं माझा?"

अंबुबाई जवळ आली. वाकली. खोटं बोलायची वेळ संपली होती.

"येतोय," ती म्हणाली. "चल, बदलूया."

मनुबाईनं डोळे मिटले. तिच्या मिटल्या पापण्यांतून दोन्ही बाजूंनी पाणी कानांपर्यंत गेलं, आणि थोरलीनं या वेळी ते आपल्या पदरानं पुसलं. जयाबाईला घेऊन पोरं बाहेर गेली. पडदा ओढला गेला. अंबुबाईनं कोमट पाणी घेतलं, फडकं घेतलं, जुनी पिशवी सोडवली, धाकटीचं पोट लहान बाळासारखं पुसून काढलं, काही न बोलता, नाक न आखडता. मग पिशवी पोटाला चिकटवायच्या नव्या चकतीवर माप आखून ती कातरीनं भोक कापायला लागली. 

"वाकडं कापतीस," मनुबाई म्हणाली.

"नऊ वर्षं माझी मीच कापतीया."

"म्हणूनच गळती. आण हिकडं कातर."

तिनं चकती घेतली. चाळीस वर्षं साच्यावर पान फिरवलेली ती बोटं, अजून सलाईनच्या सुईनं काळीनिळी, कातरीत बसली आणि चकती आपोआप फिरू लागली. भोक पडलं ते गोल, नितळ, कडेला एक कण नाही. अंबुबाईनं ते उजेडात धरून बघितलं.

"माझ्या पण कापून दे चार-पाच."

"देते. डबा भरून देते." मनुबाईनं कातर ठेवली. ती दमली होती. एवढ्याशा कामानं तिच्या कपाळावर घाम आला होता. "आक्का, औंदा यात्रा हाय."

"हाय."

"पाटी तू घे."

अंबुबाई चकती नीट चिकटवत राहिली. कडेकडेनं बोट फिरवून, दाबून दाबून. "आणि तू?"

"मी मागनं तांब्या घेऊन येते," मनुबाई म्हणाली. "रीत हाय तशी."